मानाची तलवार आणि भागोजी नाईक : गौरवशस्त्राचा पुरावा म्हणून विचार

शस्त्र हे युद्धाचे साधन खरे. परंतु इतिहासात ते पुष्कळदा केवळ चिन्ह म्हणून वावरते. मराठेशाहीत प्रधानपदाची नेमणूक शिक्केकट्यार देऊन होत असे. ती कट्यार कोणावर चालवावयाची नसे. धारण करणाऱ्याचा अधिकार तिने दाखवावयाचा असे. खंडेनवमीस पूजिले जाणारे शस्त्र ही वेगळी गोष्ट. ते घरचे व वापरातले असते, आणि त्याच्यामागे कोणाची सनद नसते. ब्रिटिश अमदानीत पराक्रमी अधिकाऱ्यांस 'मानाची तलवार' अर्पण करण्याची जी चाल होती, ती या दोहोंपैकी पहिल्या प्रकारात मोडते. अशा गौरवशस्त्रावरून इतिहासाच्या अभ्यासकाने नेमके काय सिद्ध मानावे, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. त्यासाठी नाशिक जिल्ह्यातील एक उदाहरण घेतले आहे.

१८६४ ते १८८८ अशी चोवीस वर्षे मुंबईचा पोलीस कमिशनर असलेला सर फ्रँक सूटर हा त्यापूर्वी मुफसलातील पोलीस अधिकारी होता. १८५४ मध्ये तो धारवाडास पोलीस सुपरिंटेंडेंट झाला. १८५८ मध्ये नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांना त्याने पकडले; त्यांना त्याच वर्षी जून महिन्यात बेळगावास फाशी देण्यात आले. पुढील वर्षी अहमदनगरच्या पोलिसांचा प्रमुख या नात्याने त्याने भागोजी नाईकाच्या भिल्ल टोळीचा निःपात केला. बंडांच्या या काळातील कामगिरीबद्दल त्यास मानाची तलवार मिळाली. १८६८ मध्ये 'स्टार ऑफ इंडिया'चा किताब आणि १८७५ मध्ये 'सर' ही पदवी हे त्यानंतरचे सन्मान होत.

आता तलवारीच्या दुसऱ्या बाजूस कोण होते ते पाहू. भागोजी हा मूळचा दरोडेखोर नव्हे. तो अहमदनगरच्या पोलिसांतच नोकरीस होता. १८५५ मध्ये दंगा व पोलिसांस अडथळा या आरोपांवरून त्यास शिक्षा झाली. सुटकेनंतर त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. पुढे गाव सोडून त्याने सिन्नर तालुक्यात पुणे-नाशिक रस्त्यावरील नांदूर शिंगोटे येथे सुमारे पन्नास माणसे जमविली. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री त्याच्यावर चालून गेला आणि चकमकीत ठार झाला. या बातमीने आसपासच्या भिल्लांत एकच खळबळ उडाली. हा झगडा दोन वर्षे चालला. ५ जुलै १८५९ रोजी संगमनेरजवळ आंभोरे दऱ्यात भागोजीचा मुलगा यशवंत पडला. ऑक्टोबरअखेर भागोजीने कोपरगाव लुटले. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर तालुक्यातील मिठसागरे गावाच्या परिसरात सूटरने त्यास गाठले. भागोजी व त्याचे बहुतेक सोबती लढता लढता मारले गेले.

ही हकीकत १८८३ व १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाशिक व अहमदनगर जिल्ह्यांच्या गॅझेटियरांतून तारीखवार मिळते. तथापि ती मुळात सरकारी कागदांवरून रचलेली आहे, हे विसरून चालणार नाही. सूटरचे चरित्र मुंबई पोलिसांचा इतिहास लिहिणाऱ्या एस. एम. एडवर्ड्सच्या १९२३ च्या ग्रंथात येते, आणि एडवर्ड्स स्वतः त्याच गादीवर बसलेला कमिशनर होता. म्हणजे तलवार देणारे, तिची नोंद करणारे आणि तिचे स्मरण ठेवणारे हे एकाच परंपरेतील लोक होत. या नोंदींत सूटरच्या शौर्याचे वर्णन आहे. ते खोटे मानण्याचे कारण नाही. परंतु एका पोलीस शिपायाचा बंडखोर का झाला, या प्रश्नास तेथे एकदोन वाक्यांपलीकडे जागा मिळालेली नाही.

तलवार कोणत्या काळात दिली गेली, हेही येथे महत्त्वाचे आहे. १८५७ च्या उठावानंतर सरकारने शस्त्रांची निर्मिती, विक्री व बाळगणे यांवर कायद्याने निर्बंध घातले आणि ठिकठिकाणी निःशस्त्रीकरण आरंभिले. १८७८ च्या कायद्याने ते कायम झाले. नोव्हेंबर १८५७ मध्ये मुधोळ संस्थानातील हलगलीचे बेडर उठले, ते हत्यारे देण्याचे नाकारूनच. नरगुंदच्या असंतोषातही दत्तकाच्या नकाराबरोबर निःशस्त्रीकरणाचा वाटा होता. भिल्लांविरुद्ध सरकारने कोळ्यांचे सशस्त्र पथक उभारले आणि गरज संपताच १८६१ मध्ये ते मोडून टाकले. हजारोंच्या हातून शस्त्र काढून घेतले जात असताना एकाच्या हाती ते समारंभाने दिले जाते, या दोन क्रिया परस्परांपासून तोडून वाचता येत नाहीत. शस्त्र बाळगण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरविणारी सत्ता आता एकच आहे, अशी ती जाहीर घोषणा होती.

हा प्रकार केवळ वसाहतीपुरता नव्हता. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेत बॉनी पार्कर व क्लाइड बॅरो या दरोडेखोर जोडीचा पाठलाग फ्रँक हेमर या टेक्ससच्या माजी रेंजरने केला. २३ मे १९३४ रोजी लुइझियाना राज्यात सहा अधिकाऱ्यांनी दबा धरून दोघांस ठार केले. त्यांच्या मोटारीत सापडलेली शस्त्रे मोबदल्याचा भाग म्हणून हेमरला ठेवू देण्यात आली. क्लाइडच्या आईने ती परत मागितली. आपल्या मुलावर खुनाचा खटला कोणत्याही न्यायालयात चाललेला नाही, असे तिने पत्राने कळविले. शस्त्रे परत मिळाली नाहीत. पुढे रेंजर दलाच्या दीडशेव्या वर्षी, १९७३ मध्ये, विंचेस्टर कंपनीने दलाच्या नावाने खास रायफल बाजारात आणली, आणि २०१२ मध्ये त्या जोडीची दोन पिस्तुले लिलावात प्रत्येकी दोन लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकली गेली. सूटरचे गौरवशस्त्र सरकारी सन्मानाचे होते. अमेरिकेतील शस्त्र विक्रीची वस्तू बनले. हा फरक मोठा आहे. तरी त्या आईचा प्रश्न दोन्हीकडे लागू पडतो, कारण मिठसागऱ्याच्या रानातही न्यायनिवाडा झालेला नव्हता.

यावरून काही निष्कर्ष काढता येतात. गौरवशस्त्र हे देणाऱ्याच्या दृष्टीचा अस्सल पुरावा होय. घडलेल्या प्रसंगाचा पुरावा म्हणून त्याचे मोल दुय्यम आहे. मानाची तलवार लढाईनंतर येते, लढाईत नसते. म्हणून ती कोणी, केव्हा व कोणत्या कृत्यासाठी दिली, हे पाहून भागत नाही. त्याच सुमारास कोणाची शस्त्रे काढून घेतली गेली, हेही पाहिले पाहिजे.

नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेस देवळा, कळवण, बागलाण येथे व दक्षिणेस सिन्नरकडे भिल्लांची वस्ती जुनी आहे. १९९९ मध्ये स्वतंत्र तालुका झालेल्या देवळ्यासारख्या ठिकाणच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ही गावे दूरची नाहीत. दप्तरातील जामीनपत्रे, शिक्षांच्या नोंदी व गावोगावची वंशपरंपरागत स्मृती यांचा शोध त्यांनी घेतल्यास सूटरच्या शौर्यास बाध येणार नाही. मात्र ज्याच्या मृत्यूमुळे ती तलवार मोलाची ठरली, त्या भागोजीची बाजूही इतिहासात दाखल होईल. ते काम अद्याप व्हावयाचे आहे.