नाटकाची वही आणि सरकारची परवानगी

इंग्रजी अमलातील कायद्यांपैकी काही उघड मनाई करणारे होते, तर काही केवळ निर्बंधक होते; आणि वरकरणी सौम्य भासणारा हा दुसरा प्रकारच कलेला अधिक जाचक ठरतो, हे आमच्या रंगभूमीच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

प्रिन्स ऑफ वेल्सच्या हिंदुस्थानच्या दौऱ्यात कलकत्त्याच्या जगदानंद मुखर्जी या वकिलाने त्याला आपल्या अंतःपुरात नेऊन घरच्या स्त्रियांकरवी त्याचे स्वागत करविले, तेव्हा तेथील ग्रेट नॅशनल थिएटरने त्या प्रसंगाची टवाळी करणारे प्रहसन रंगभूमीवर आणले. त्यावर व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकने फेब्रुवारी १८७६ मध्ये वटहुकूम काढला व वर्ष सरण्यापूर्वीच नाट्यप्रयोगांचा कायदा मंजूर झाला. बदनामीकारक, राजद्रोहाची भावना चेतविणारा किंवा नीतिभ्रष्ट करणारा प्रयोग बंद पाडण्याचा अखत्यार त्याने सरकारला दिला, हुकूम मोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली आणि पडदे, पोशाख जप्त करण्याची मुभा पोलिसांना दिली. परंतु त्यातील खरी मेख दहाव्या कलमात होती: सरकारने जाहीर केलेल्या मुलखात परवान्यावाचून प्रयोग करता येणार नाही, आणि सरकार मागेल तेव्हा नाटकाची प्रत प्रयोगापूर्वी किमान तीन दिवस हजर केली पाहिजे. गंमत अशी की, धार्मिक उत्सवांतील जात्रा आणि तत्सम खेळ या कायद्यातून स्पष्टपणे वगळलेले होते. श्रद्धेला हात लावण्याचे धाडस १८५७ नंतरच्या सरकारला झाले नसावे, असे मला वाटते.

या श्रद्धेच्याच आडोशाने महाराष्ट्रात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' रंगभूमीवर आणले. विराटपर्वातील कथा, पात्रे ओळखीची, शब्द पुराणातले. पण सैरंध्रीच्या विटंबनेकडे पाहणाऱ्या प्रेक्षकाला कीचकाच्या जागी माजी व्हाइसरॉय कर्झन, द्रौपदीच्या जागी भारतभूमी, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल दिसत होते, आणि इंग्रज वृत्तपत्रकारांनाही ते दिसले. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा'चा प्रयोग चालू असताना कलेक्टर जॅक्सनचा वध झाला. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत 'कीचकवधा'वर मनाईहुकूम निघाला आणि तो कित्येक वर्षे कायम राहिला.

तथापि मनाईचा हुकूम उघड असतो. त्यावर कोणाची सही आहे हे कळते, त्याविरुद्ध अर्जही करता येतो. वही आधी मागणाऱ्या नियमाचे तसे नाही. अंमलदाराच्या मेजावर जाण्यापूर्वीच नाटककार आपल्या लेखणीने जे वाक्य वगळतो त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही, आणि अशी किती वाक्ये बुडाली याचा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर हे संपेल अशी अपेक्षा होती. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत अशी अट घातली, आणि १९५६ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने इप्टा या नाट्यसंस्थेच्या प्रकरणात १८७६ चा कायदा घटनाबाह्य ठरविला. मात्र तो रीतसर रद्द व्हायला २०१८ उजाडावे लागले. इकडे महाराष्ट्रात प्रयोगापूर्वी संहिता तपासण्याची प्रथा परिनिरीक्षण मंडळाच्या रूपाने रुजली. १९७२ मध्ये तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ला मंडळाने सुचविलेल्या काटछाटीविरुद्ध दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले, तरी मंडळ कायम राहिले. ज्या प्रांताने 'कीचकवध' दिले, त्यानेच वही आधी मागण्याचा हा दंडक जपून ठेवावा, हे मला फार सलते. प्रयोग झाल्यावर कायदा मोडला गेला असेल तर न्यायालय आहेच, आणि त्याहून अधिक अधिकार कोणत्याही मंडळाकडे असण्याचे कारण मला दिसत नाही.