हतनूर जलाशय
जळगाव जिल्ह्यात तापी नदीवर १९८२ साली पूर्ण झालेल्या धरणाचा जलाशय. धरणाला ४१ दरवाजे असून पाण्याचा फुगवटा मुक्ताईनगर तालुक्यातील चांगदेव येथील तापी-पूर्णा संगमापर्यंत पोचतो. संगमाकाठी योगी चांगदेवांचे जुने दगडी मंदिर आहे. डोंगरांतल्या सरोवरांवर दिवसचे दिवस कायाक, म्हणजे अरुंद छोटी नाव, वल्हवणाऱ्यांना भेटणारे कडे इथे नाहीत. सातपुडा पर्वत उत्तरेला दूरच राहतो. या पाण्याचे खरे वैभव हिवाळ्यात. तेव्हा गाळाच्या उथळ्यांवर स्थलांतरित बदके आणि पट्टकदंब हंस उतरतात, वल्ह्याच्या हलक्या आवाजानेही माना वर करतात. म्हणून नाव थव्यांपासून लांबच ठेवावी. पावसाळ्यात दरवाजे उघडल्यावर ओढ जबर असते. त्या दिवसांत नाव पाण्यात घालू नये.