दोनशे विजांचा साक्षीदार

गेल्या महिन्यात ‘फायनल फँटसी टेन’ या व्हिडिओ गेमच्या नव्या आवृत्तीतली शेवटची ट्रॉफी मिळाली, आणि तिच्या पाठोपाठ प्लॅटिनमही. प्लॅटिनम म्हणजे बाकीच्या सगळ्या ट्रॉफ्या झाल्या याची पावती. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला तर आत्याने विचारलं, "कप कुठंय? पैसे-बिसे भेटतेत का काही?"

नाही आत्या, काहीच भेटत नाही. टीव्हीच्या कोपऱ्यात एक छोटं चित्र येतं, ‘टिंग’ असा आवाज होतो आणि तारीख-वेळ नोंदवली जाते. बस्स. पण प्रश्न रास्त होता. हातात काही येत नसेल तर ही ट्रॉफी नक्की कशाची? म्हणून जरा मागे जाऊन बघितलं, ही भानगड सुरू कुठून झाली ते.

आधी गेमबद्दल, नातेवाईक मंडळींसाठी. ‘फायनल फँटसी टेन’ जपानमध्ये जुलै २००१ मध्ये आला, प्लेस्टेशन २ वर. हा रोल-प्लेइंग प्रकारातला गेम, म्हणजे एका लांबलचक गोष्टीतली पात्रं आपण चालवायची, लढवायची, वाढवायची. गोष्ट एका यात्रेचीच आहे. युना नावाची मुलगी जगावरचं संकट टाळण्यासाठी सोबत्यांना घेऊन एकेका मंदिरात जाते. डिसेंबर २०१३ मध्ये याच गेमची चित्रं आणि संगीत घासूनपुसून नवी आवृत्ती निघाली. तिला रिमास्टर म्हणतात. जुना सिनेमा स्वच्छ करून पुन्हा थेटरात लावतात ना, तसं. गोष्ट तीच, लढाया त्याच. नवीन काय, तर ट्रॉफ्या.

आता इतिहास. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ॲक्टिव्हिजन नावाची कंपनी होती. अटारी सोडून आलेल्या प्रोग्रामरांनी १९७९ मध्ये ती काढली. अटारीत गेम लिहिणाऱ्याचं नाव छापत नसत, हे त्यांच्या नाराजीचं एक कारण. म्हणजे कौतुकाची भूक खेळणाऱ्याआधी बनवणाऱ्याला लागली होती म्हणायची :-) १९८२ च्या त्यांच्या ‘पिटफॉल’मध्ये २०,००० गुण झाले की टीव्हीचा फोटो काढायचा आणि कंपनीला पोस्टाने पाठवायचा. मग कंपनीकडून शर्टावर शिवायचा कापडी बिल्ला यायचा. त्याच सुमारास आयोवा राज्यातल्या ओटम्वा गावात वॉल्टर डे नावाच्या गृहस्थाने गेमचं दुकान थाटलं होतं, ट्विन गॅलक्सीज. १९८२ पासून तिथे देशभरातल्या विक्रमांची वही ठेवली जाऊ लागली.

दोन्हीकडे एक गोष्ट समान. कुणीतरी माणूस फोटो बघायचा, विक्रम पडताळायचा, आणि मग ‘हो, झालं’ म्हणायचा.

नोव्हेंबर २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० आला आणि ही साक्ष यंत्राकडे गेली. प्रत्येक गेममध्ये ठरावीक कामगिऱ्या, त्यांचे गुण, आणि सगळ्यांची मिळून एक बेरीज. फोटो नको, पोस्ट नको. सोनीने २००८ च्या जुलैत प्लेस्टेशन ३ वर तेच वेगळ्या रूपात आणलं. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि सगळ्यांच्या वर प्लॅटिनम. २००१ चा मूळ गेम यांपैकी काहीही नव्हतं तेव्हाचा. म्हणून रिमास्टरमध्ये ट्रॉफ्या मागाहून चिकटवल्या.

इथेच खरी गंमत आहे. ट्रॉफ्या नव्या, पण त्यांसाठी करायची कामं बहुतेक जुनीच. उदाहरणार्थ, गेममध्ये एक वादळी मैदान आहे. पडदा पांढरा चमकला की क्षणात बटण दाबायचं, नाहीतर वीज अंगावर पडते. अशा लागोपाठ २०० विजा चुकवायच्या. एक जरी चुकली तर पुन्हा शून्यापासून. आणि किती झाल्या हा आकडा पडद्यावर कुठेही दिसत नाही. आता हे केलं की ट्रॉफी मिळते. तेव्हा फक्त एका पात्राच्या शस्त्रासाठी लागणारी वस्तू मिळायची.

२००५ च्या मे महिन्यात परभणीत मामाच्या घरी दादाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, हे केलं. भारनियमनाचे दिवस. गेममधली वीज चुकवायची आणि घरातली वीज जाऊ नये म्हणून देवाला हात जोडायचे! दोनदा तर शंभरी ओलांडली आणि दिवे गेले. माझं काम मोजण्याचं. शाळेच्या जुन्या वहीत पाच-पाचाच्या रेघा ओढत बसायचो. तिसऱ्या दिवशी पहाटे, गारव्यात, चाळीस गठ्ठे पूर्ण झाले. दादाने कंट्रोलर खाली ठेवला आणि हाताची बोटं मोडली. मामी म्हणाली, आता तरी आंघोळीला जा.

पुढे ते मेमरी कार्ड प्लेस्टेशनसकट भंगारात गेलं. वहीही गेली. जगाच्या हिशेबात दादाच्या २०० विजा कुठेच नाहीत. माझ्या मात्र आहेत, तारीख-वेळेसह.

यंत्राची साक्ष चोख असते, वशिला चालत नाही, हे मान्य. पण यंत्राला सांगितलं तेवढंच ते बघतं. या गेममधला सगळ्यात कडक शत्रू पेनन्स. जपानमध्ये २००२ साली निघालेल्या सुधारित आवृत्तीत तो पहिल्यांदा आला. त्याची ताकद १ कोटी २० लाख, आणि त्याच्यापर्यंत पोचायलाच आधी बाकीचे महाकठीण शत्रू संपवावे लागतात. त्याच्या नावाची ट्रॉफीच नाही! त्याच्या वाटेला न जाताही प्लॅटिनम मिळते. म्हणजे ‘सगळं झालं’ असं यंत्र म्हणतं, तेव्हा त्याचा अर्थ ‘यादीतलं सगळं झालं’ एवढाच.

आपल्या भागाला ‘पूर्ण झालं की नाही’ हा प्रश्न नवा नाही. नामदेवांचं नरसी आज हिंगोली जिल्ह्यात, पण १ मे १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं. परंपरेतली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. संत जमले होते आणि गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर थापटून कोणतं मडकं पक्कं ते पाहिलं. नामदेव कच्चे ठरले. देव ज्यांच्याशी बोलतो ते नामदेव! मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. औंढाही तेव्हाच्या आपल्या जिल्ह्यातलंच. गोष्टीतलं मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की पारख करणारा कुंभार होता. आयुष्यभर मडकी भाजलेला माणूस. त्याच्या हाताला आवाज कळत होता.

जत्रेतल्या फडातही तेच. कुस्ती निकाली झाली की नाही हे पंच सांगतो, पण कशी झाली हे भोवतीने बसलेले जुने पैलवान सांगतात. गावात नाव होतं ते त्यांच्या बोलण्याने.

तेव्हा आत्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. ट्रॉफी म्हणजे साक्ष. ज्याच्या शेजारी बघणारं कुणी नाही, त्याच्यासाठी ती यंत्राने दिलेली. मी प्लॅटिनम मिळवली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि घरात सगळे झोपले होते, म्हणून ते ‘टिंग’ मला गोड लागलं. खोटं कशाला बोलू.

दादाला फोन करून सांगितलं तर म्हणाला, "विजा मोजल्या कुणी?" म्हटलं, मशीनने. "मग तुला काय मजा आली?" असं म्हणून हसला. आपल्याही कधी झाल्या होत्या हे त्याने काढलं नाही. त्याच्या मुलांना ते माहीतही नसेल, आणि तीही हे वाचतील म्हणून नोंद करून ठेवतो. मे २००५, परभणी, लागोपाठ २०० विजा. मोजायला मी होतो.