डीझेल एंजिनाची विश्वसनीयता : हुपरी परिसर

ठरलेल्या परिस्थितीत व ठरलेल्या कालावधीपर्यंत बंद न पडता अपेक्षित काम करीत राहण्याचा एंजिनाचा गुण म्हणजे त्याची विश्वसनीयता होय. टिकाऊपणा आणि दुरुस्तीसुलभता हे दोन गुण तिच्याशी निगडित असले, तरी ते तिच्याहून भिन्न आहेत. एखादे एंजिन हंगामात चार वेळा बंद पडत असेल, पण दर वेळी तासाभरात पुन्हा चालू करता येत असेल व चाळीस वर्षे वापरात राहत असेल, तर ते टिकाऊ व दुरुस्तीसुलभ ठरते. काटेकोर अर्थाने विश्वसनीय ठरत नाही. जुनी डीझेल एंजिने आजच्या वाहनांपेक्षा अधिक भरवशाची होती, हे विधान शेतकरी, वाहनचालक व मिस्त्री यांच्या बोलण्यात वारंवार येते. त्यात या तिन्ही गुणांची सरमिसळ झालेली असते. तेल-एंजिनाच्या इतिहासाशी निकटचा संबंध असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात, विशेषतः हुपरीच्या परिसरात, या विधानाचा खरेखोटेपणा चांगला तपासता येतो.

परिसर : हुपरी हे हातकणंगले तालुक्यातील शहर कोल्हापूरच्या आग्नेयीस असून चांदीच्या दागिन्यांसाठी, विशेषतः पैंजणांसाठी, प्रसिद्ध आहे. उत्तरेस पंचगंगा व दक्षिणेस दूधगंगा या नद्यांमधील ही जमीन उसाच्या लागवडीस अनुकूल आहे. ऊस हे बारमाही पाण्याचे पीक असल्याने नदीचे वा विहिरीचे पाणी उचलण्याचे साधन ही येथील शेतीची पहिली गरज होय. बैलांच्या मोटेने पाणी उपसण्यास मर्यादा होत्या व खेड्यांत वीज पोहोचण्यास अद्याप अवकाश होता. त्या मधल्या काळात ही गरज तेल-एंजिनाने भागविली. पाणी उपसणे, गुऱ्हाळातील चरक फिरविणे आणि पिठाची गिरणी चालविणे ही कामे एकाच एंजिनाकडून पट्टा बदलून करून घेतली जात. ग्रामीण भागात त्याच्या इंधनास पुष्कळ काळ ‘क्रूड’ असेच म्हटले जाई.

ऐतिहासिक समालोचन : रूडोल्फ डीझेल या जर्मन अभियंत्यांनी १८९२ मध्ये आपल्या एंजिनाच्या एकस्वासाठी अर्ज केला व १८९७ मध्ये आउग्जबुर्ग येथे त्यांचे यशस्वी एंजिन चालू झाले. त्यात हवा इतकी दाबली जाते की, तिच्या उष्णतेनेच अंतःक्षेपित इंधन पेट घेते; ठिणगी पाडणाऱ्या विद्युत् यंत्रणेची आवश्यकता राहत नाही. सुरुवातीची एंजिने अवजड व स्थिर स्वरूपाची होती. बॉश या जर्मन कंपनीने १९२७ मध्ये इंधन-अंतःक्षेपण पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केल्यावर लहान व वाहनांस योग्य अशी एंजिने बनविणे सुकर झाले.

महाराष्ट्रात या उद्योगाची पूर्वतयारी शेतीच्या अवजारांपासून झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी येथे कारखाना उभारून लोखंडी नांगर व चरक यांचे उत्पादन केले. सातारा येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात डीझेल एंजिने बनू लागली. भारतीय बनावटीच्या आरंभीच्या डीझेल एंजिनांत त्यांची गणना होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–४५) परदेशी एंजिने व त्यांचे सुटे भाग यांची आयात दुर्मिळ झाली. मोडलेला भाग स्वतः ओतून व कातून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. या निकडीतून कोल्हापुरातील मिस्त्रींचे कौशल्य वाढीस लागले. पुढे कोल्हापूरच्या उद्यमनगरात संपूर्ण तेल-एंजिने तयार होऊ लागली व शहराची ओतशाळांचे केंद्र म्हणून ख्याती झाली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. तिचे ‘एव्ही १’ हे पाच अश्वशक्तीचे पाण्याने थंड होणारे एंजिन देशभर शेतीपंपांसाठी रूढ झाले. याच कंपनीचा एक मोठा कारखाना एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हुपरीच्या नजीक कागल–हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत सुरू झाला.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाले व त्यानंतर ग्रामीण विद्युतीकरणाचा वेग वाढला. विजेचा पंप स्वस्त पडू लागल्याने नदीकाठचे तेल-एंजिन मागे पडत गेले. त्याच सुमारास डीझेल एंजिन ट्रक, ट्रॅक्टर व मॅटॅडोर यांसारख्या वाहनांतून गावात अधिक प्रमाणात शिरले.

जुन्या एंजिनांची रचना : जुन्या एंजिनांच्या टिकाऊपणाचे मुख्य कारण त्यांच्यावर पडणारा अल्प ताण हे होय. ब्रिटनमधील लिस्टर कंपनीचे ‘सीएस’ जातीचे एंजिन १९३० च्या सुमारास प्रचारात आले व पुढे राजकोट येथील कारखान्यांतून त्या धर्तीची एंजिने मोठ्या संख्येने निघाली. त्याच्या सहा अश्वशक्तीच्या प्रकारात सिलिंडराचा व्यास ११४·३ मिमी. व धाव १३९·७ मिमी. असून ते मिनिटास केवळ ६५० फेरे घेई. म्हणजे सु. १·४३ लिटर घनफळातून सहा अश्वशक्ती, अर्थात लिटरमागे सु. चार अश्वशक्ती एवढेच काम त्याच्याकडून घेतले जाई. दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदास सु. ३ मी. पडतो. ‘एव्ही १’ मध्ये (व्यास ८० मिमी., धाव ११० मिमी., मिनिटास १,५०० फेरे) हे आकडे अनुक्रमे सु. नऊ अश्वशक्ती व ५·५ मी. असे येतात.

याच्या तुलनेसाठी पुण्याजवळील रांजणगाव येथे तयार झालेले व अनेक भारतीय मोटारगाड्यांत वापरले गेलेले १·३ लिटर ‘मल्टिजेट’ एंजिन घेता येईल. ६९·६ मिमी. व्यास व ८२ मिमी. धाव असलेल्या या एंजिनाच्या एका प्रकारातून मिनिटास ४,००० फेऱ्यांना सु. ७५ अश्वशक्ती मिळे. म्हणजे लिटरमागे सु. ६० अश्वशक्ती व दट्ट्याचा वेग सेकंदास सु. ११ मी. होतो. दर लिटरमागे पंधरापट काम करणारे यंत्र जुन्या यंत्राच्या बरोबरीने टिकत असेल, तर ते धातुविज्ञान, वंगण तेले व यंत्रण यांतील प्रगतीचे फळ मानावे लागते.

वापराचे मान पाहिल्यासही हाच निष्कर्ष निघतो. मिनिटास ६५० फेरे घेणारे एंजिन १०,००० तास चालले, तर ते ३९ कोटी फेरे पूर्ण करते. सरासरी ताशी ४० किमी. वेगाने व मिनिटास २,००० फेऱ्यांनी चालणारी मोटारगाडी दोन लाख किमी. जाईपर्यंत ५,००० तासांत ६० कोटी फेरे पूर्ण करते. शेताच्या बांधावर वीस वर्षे उभ्या असलेल्या एंजिनापेक्षा गाडीच्या एंजिनाने अधिक झीज सोसलेली असण्याचा संभव आहे. परंतु वर्षांच्या हिशोबात ती दिसून येत नाही.

बिघाडांचे स्वरूप : जुनी एंजिने बिघडत नसत, ही समजूत बरोबर नाही. इंधनातील कचऱ्यामुळे नोझल चोंदणे, धुळीमुळे दट्ट्याची कडी व सिलिंडर झिजणे, पाण्याचा प्रवाह थांबल्यास शीर्ष तडकणे, झडपा नीट न बसणे आणि पट्टा घसरणे हे बिघाड नित्याचे होते. उघडी प्रचक्रे व पट्टे यांत धोतर वा पदर अडकण्याचा, तसेच हँडलचा उलट झटका बसून हात मोडण्याचा धोका असे. मात्र बहुतेक बिघाड डोळ्यांना दिसत, कानांना ऐकू येत व हळूहळू वाढत. धुराचा रंग पाहून दोष ओळखणारा मिस्त्री गावात असे. नोझल काढून साफ करणे, झडपा घासून बसविणे ही कामे साध्या हत्यारांनी होत व लागणारा भाग कोल्हापुरात मिळे किंवा ओतून घेता येई.

नव्या वाहनांतील बिघाडांची जात वेगळी आहे. १९९७ पासून मोटारगाड्यांत आलेल्या सामायिक-नलिका पद्धतीत इंधनाचा दाब १,६०० बार व त्याहून अधिक असतो. जुन्या लहान एंजिनांत तो साधारणतः २०० बारच्या आसपास असे. एवढ्या दाबाच्या अंतःक्षेपकातील फटी काही मायक्रॉनांच्याच असल्याने पाणी किंवा भेसळ असलेले इंधन जुने एंजिन निभावून नेई, तेथे नवे कायमचे निकामी होऊ शकते. संवेदक, तारा व इलेक्ट्रॉनीय नियंत्रक यांतील दोष सूचना न देता उद्‍भवतात आणि निदानासाठी विशिष्ट उपकरण लागते. धूर-कण गाळणारी गाळणी तापून स्वच्छ होण्यासाठी सलग लांब धाव हवी असते. गावातल्या गावात थोडे अंतर फिरणाऱ्या गाडीत ती चोंदते. उंदरांनी तारा कुरतडणे हे खेड्यातील एक सामान्य कारण आहे.

येथे प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. हुपरी-यळगूड येथे जवाहर शेतकरी सहकारी साखर कारखाना आहे. तोडलेल्या उसातील साखर व वजन उशिरागणिक घटत जाते. त्यामुळे ऐन हंगामात वाटेत बंद पडलेला ट्रॅक्टर चार तासांत सुरू होतो की चार दिवसांनी, यावर शेतकरी, तोडणी मजूर व वाहनमालक या तिघांचेही उत्पन्न अवलंबून असते. कमी वेळा बिघडणारे, पण बिघडल्यास गावाबाहेरच्या तंत्रज्ञाची वाट पाहावयास लावणारे यंत्र अशा वेळी जुन्यापेक्षा महाग पडू शकते.

तुलनेतील दोष : जुन्या व नव्यांची तुलना करताना एक ठळक चूक होते. आज पाहावयास मिळणारी जुनी एंजिने ही त्या पिढीतील निवडक, तगलेली एंजिने आहेत. जी सदोष निघाली, ती केव्हाच भंगारात गेली आणि त्यांतील बीड पुन्हा भट्टीत वितळून नव्या ओतीव भागांत मिसळले. कोल्हापूरच्या ओतशाळांना भंगाराचाही पुरवठा होत असल्याने हे येथे शब्दशः खरे आहे. उरलेल्यांवरून सर्वांचे अनुमान काढणे म्हणूनच युक्त ठरत नाही. शिवाय जुन्या एंजिनांचे अनेक भाग वारंवार बदललेले असतात. सिलिंडराचे अस्तर, दट्ट्या, धारवे व पंप बदलून चालू राहिलेले एंजिन तेच, असे मानले जाते. नव्या गाडीचा एखादा भाग बदलला, तर मात्र ती बिघडली अशी नोंद मनात होते.

व्यापक पुरावा नव्या वाहनांच्या बाजूने आहे. अमेरिकेत वापरातील मोटारगाड्यांचे सरासरी वय १९७० च्या सुमारास सहा वर्षांहून कमी होते. २०२३ मध्ये सर्व हलक्या वाहनांचे सरासरी वय १२ वर्षांवर गेले होते. वाढत्या किमतींमुळे लोक गाड्या अधिक काळ ठेवतात हे खरे असले, तरी गाड्या तेवढा काळ टिकतात हेही त्यावरून सिद्ध होते. गंजरोधक पत्रे, उत्तम वंगण तेले व हवेची परिणामकारक गाळणी यांचा त्यात मोठा वाटा आहे.

आरोग्य व नियमन : जुन्या एंजिनाच्या साधेपणाची किंमत परिसरातील हवेने मोजली. डीझेलचा धूर माणसात कर्करोग उत्पन्न करतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. भारतात ‘भारत स्टेज ४’ मानके १ एप्रिल २०१७ पासून, तर ‘भारत स्टेज ६’ मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. या टप्प्यांत डीझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणण्यात आले. वीजजनित्रांच्या एंजिनांसाठी अधिक कडक मानके १ जुलै २०२३ पासून अंमलात आली. नव्या एंजिनांतील जे भाग बिघाडास कारण म्हणून दाखविले जातात, ते बहुतांशी या मानकांच्या पूर्तीसाठी बसविलेले आहेत. मानकांची पूर्ती कागदोपत्री राहू शकते, हे २०१५ मध्ये फोक्सवॅगन या जर्मन कंपनीच्या प्रकरणातून उघड झाले. चाचणीच्या वेळीच धूर कमी करणारी आज्ञावली तिच्या गाड्यांत आढळली.

मूल्यमापन : उपलब्ध माहितीवरून असे म्हणता येते की, बिघाडाची वारंवारता, इंधनाचा खर्च, सुरक्षितता व प्रदूषण या चारही बाबतींत नवी वाहने सरस आहेत, दुरुस्तीसुलभतेत मात्र जुनी एंजिने निःसंशय सरस होती. ‘भरवशाचे एंजिन’ या शब्दप्रयोगात लोकांना हीच सुलभता अभिप्रेत असते. तो भरवसा जितका लोखंडावर होता, तितकाच जवळच्या मिस्त्रीवर व स्थानिक ओतशाळेवर होता. एंजिनातील दोष ओळखण्याचे ज्ञान नियंत्रकाच्या आज्ञावलीत बंद झाल्याने ते गावाच्या हातून निसटले. या प्रश्नाची दखल शासनानेही घेतली आहे. दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखण्यासाठी केंद्र शासनाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली व तिच्या विषयांत शेतीची अवजारे आणि मोटारवाहने यांचा समावेश केला.

पाणी उपसण्याच्या कामातून डीझेल एंजिन हळूहळू बाजूला सरत आहे. विजेनंतर आता सौरपंपांना चालना मिळत असून त्यासाठी केंद्र शासनाने २०१९ मध्ये ‘कुसुम’ योजना सुरू केली. सौरपंपाच्या बाबतीतही निर्णायक प्रश्न तोच राहील : तो किती वेळा बंद पडतो, याइतकेच तो बंद पडल्यावर कोणाला, कोठे व किती वेळात दुरुस्त करता येतो, यावर त्याची उपयुक्तता ठरेल. महायुद्धाच्या टंचाईत मोडका भाग स्वतः ओतण्यास शिकलेल्या कोल्हापूर परिसराजवळ या प्रश्नाचे एक उत्तर पूर्वीपासून आहे. ते नव्या यंत्रांस लागू करण्यासाठी दुरुस्तीविषयक माहिती, निदानाची उपकरणे व सुटे भाग स्थानिक कारागिरांस खुले असणे आवश्यक आहे.