साताऱ्याचा वेढा आणि परळीची वाट

किल्ला पाहावयाचा म्हणजे त्यावर चढावयाचें, दरवाजा, तट, तळीं आणि देऊळ यांवरून नजर फिरवावयाची आणि उतरावयाचें, असा आपला परिपाठ आहे. अजिंक्यतारा याप्रमाणें मीं किती वेळां पाहिला याची गणती नाहीं. परंतु त्याच्या वेढ्याची हकीकत जेव्हां जेव्हां वाचीत असें, तेव्हां तेव्हां एक प्रश्न मनांत राहून जाई. खुद्द बादशहानें चहूंकडून वेढलेल्या, आंत धान्याचा पुरेसा सांठा नसलेल्या या किल्ल्यानें साडेचार महिने तग धरला तो कशाच्या जोरावर? गेल्या मार्गशीर्षांत दोघां स्नेह्यांसह सातारा, यवतेश्वर, कास, उरमोडीचें खोरें, परळी आणि पुन्हां सातारा असा तीन दिवसांचा पायीं वळसा घातला. ग्रंथांत या प्रश्नाचें जें उत्तर आहे त्याहून थोडें अधिक त्या वाटेवर मिळालें, असें मला वाटतें.

प्रथम हकीकत सांगितली पाहिजे. डिसेंबर १६९९ मध्यें औरंगजेब साताऱ्यापुढें आला. ग्रँट डफच्या वर्णनाप्रमाणें बादशहाचा स्वतःचा तळ उत्तरेस करंजें येथें पडला. पश्चिमेस शहाजादा आजमशहा उतरला. ती जागा पुढें शहापूर म्हणून ओळखली जाऊं लागली. दक्षिणेस शर्झाखान होता आणि पूर्वेस तरबियतखान. या तळांमधून चौक्यांची सांखळी होती. गडावर शिवछत्रपतींच्या सेवेंत वाढलेला प्रयागजी प्रभु हवालदार होता. वर चढूं पाहणाऱ्या मोंगलांवर तो कड्यावरून धोंडे लोटून देई. मात्र पोटाला लागणारें धान्य धोंड्यांप्रमाणें डोंगरांत सांपडत नाहीं. तें पुरविलें परशुराम त्रिंबकानें. पुढें प्रतिनिधि म्हणून प्रसिद्धीस आलेला हा पुरुष त्या वेळीं परळीच्या किल्ल्यांत जाऊन बसला होता. त्यानें आजमशहाची डोळेझांक द्रव्य देऊन विकत घेतली आणि गडावर रसद पोंचविली, असें डफ म्हणतो.

मार्च १७०० मध्यें सिंहगडावर राजाराम महाराज निवर्तले. एप्रिलांत मोंगलांनीं ईशान्येच्या बुरुजाखालीं सुरुंग उडविले. पहिल्यानें गडावरचे लोक गाडले गेले. त्यांत प्रयागजीहि भवानीच्या देवळाजवळ ढिगाऱ्याखालीं सांपडला, पण जिवंत निघाला. दुसऱ्या सुरुंगानें बुरूज बाहेरच्या अंगास कोसळला आणि हल्ल्यासाठीं खालीं दाटीनें उभे असलेले बादशहाचेच सुमारें दोन हजार लोक त्यांत मेले. तरीहि गड पडला, कारण परळीहून येणारें धान्य बंद झालें. २१ एप्रिल रोजीं किल्ला बादशहाच्या हवालीं झाला आणि शहाजाद्याच्या नांवावरून त्याचें नांव आजमतारा ठेवण्यांत आलें.

आतां आमच्या वाटेकडे वळतों. अजिंक्यतारा आणि यवतेश्वर यांना जोडणारी डोंगराची जी सखल सोंड आहे, तिच्या पोटांतून सध्यांचा बोगदा गेला आहे. तेथून निघून यवतेश्वराच्या घाटानें चढूं लागलों. अर्ध्या चढावर मागें वळून पाहिलें तों वेढ्याचा सगळा नकाशा डोळ्यांपुढें उघडा पडला. उत्तरेस व पूर्वेस मैदान आहे. तेथें घोडदळाच्या चौक्यांतून मांजरहि सुटूं नये. परंतु गांवांतून एकटा उभा दिसणारा अजिंक्यतारा वास्तविक एकटा नाहींच. पश्चिमेकडून सह्याद्रीचा जो एक फांटा यवतेश्वरावरून आला आहे, त्याचें तें केवळ शेवटचें टोंक होय. या अंगास चौकी बसवावयाची तर ती डोंगरावर बसवावी कीं पायथ्याशीं? वर बसविली तर खालची झाडी मोकळी राहते, आणि खालीं बसविली तर वरचें पठार.

यवतेश्वराचें दर्शन घेऊन पठारानें पश्चिमेस चालूं लागलें म्हणजे कासपर्यंत फारसा चढउतार नाहीं. भाद्रपद-आश्विनांत कासच्या सड्यावर फुलांचा गालिचा पाहण्यास इतकी माणसें लोटतात कीं फुलें कोणतीं आणि छत्र्या कोणत्या हें ओळखणें कठीण व्हावें. २०१२ सालीं पश्चिम घाटाबरोबर या पठारास जागतिक वारशाचा मान मिळाल्यापासून तर विचारूंच नये. मार्गशीर्षांत तेथें वाळलेलें गवत, काळा जांभा आणि बोचरा वारा यांखेरीज कांहीं नव्हतें, आणि मला तें अधिक आवडलें. तलावाभोंवतालचें जांभूळ, अंजनी, हिरडा यांचें रान मात्र बारमाही हिरवें असतें. या तलावाचें पाणी डोंगराच्या कडेकडेनें, केवळ उताराच्या बळावर, सातारा शहराला येतें. डोंगराचा उतार ज्याला ठाऊक आहे त्याला यंत्राची गरज पडत नाहीं, आणि वाटाड्यांची विद्या तरी याहून निराळी काय होती?

दुसऱ्या दिवशीं दक्षिणेच्या अंगानें उरमोडीच्या खोऱ्यांत उतरलों. ही नदी कासच्याच परिसरांत उगम पावून परळीवरून पुढें कृष्णेला मिळते. उतरणीवर कारवीचें रान इतकें दाट कीं पुढचा सोबती दहा पावलांवर दिसेनासा होई. खोऱ्याच्या तळाशीं मात्र आमची फजिती झाली. जुन्या नकाशावरून मीं जी वाट आंखून आणली होती ती सरळ जलाशयांत शिरत होती. परळीजवळ उरमोडीवर धरण झालें, दरींतील वस्त्या उठल्या आणि पाणी आतां दुष्काळी माणदेशाकडे जातें. तें जावें यांत शंका नाहीं. गुरें वळणाऱ्या एका म्हाताऱ्यास वाट विचारली, तेव्हां त्यानें काठीनें पाण्याकडे बोट दाखविल्यासारखें करून सांगितलें, "जुनी वाट खालनं हुती. आता तिच्यावर पानी हाय." आम्हांस सबंध दुपार कांठाकांठानें चालावें लागलें.

परळी गांवांतील प्राचीन शिवालयें पाहून संध्याकाळीं सज्जनगडावर चढलों. १६७३ मध्यें हा किल्ला शिवछत्रपतींच्या ताब्यांत आला. १६७६ पासून समर्थ रामदास येथें राहिले आणि १६८२ च्या जानेवारींत येथेंच समाधिस्थ झाले. म्हणजे परशुराम त्रिंबक येथून धान्य धाडीत होता तेव्हां समाधीला अठरा वर्षें झालीं होतीं. सातारा घेतल्यावर बादशहा याच किल्ल्याकडे वळला. मधलें अंतर अवघें तीन कोस. जूनच्या आरंभीं परळी हातीं आली आणि तिचें नांव नौरसतारा झालें. पण तोंवर पाऊस कोसळूं लागला होता. परतीच्या वाटेवर त्या अवाढव्य लष्कराचीं भारवाही जनावरें मेलीं आणि नद्या उतरतां येईनात. ऑक्टोबरांत माण नदीच्या कांठीं खवासपूर येथें तर रात्रीं पुराचें पाणीच छावणींत शिरलें. त्या धांदलींत खुद्द बादशहा पडून त्याचा गुडघा निखळला. तो लंगडेपणा शेवटपर्यंत राहिला.

गडावर रात्र काढली तेव्हां डफच्या त्या वाक्याचा विचार पुन्हां आला. लांच दिली गेली असेल. आजमशहाचा लौकिक पाहतां मला तें अशक्य वाटत नाहीं. परंतु लांचेनें फार तर चौकीवरचे डोळे मिटतात. धान्याचीं पोतीं त्यामुळें चालूं लागत नाहींत. तीं कोणाच्या तरी डोक्यावरून, कोणत्या तरी वाटेनें, बहुधा रात्रींच्या अंधारांत गेलीं असलीं पाहिजेत. आणि ती वाट ठाऊक असणारीं माणसें या खोऱ्याखेरीज दुसरीकडे कोठें असणार? परशुराम त्रिंबकाचें नांव इतिहासांत राहिलें, घेणाऱ्या शहाजाद्याचें तर किल्ल्यालाच मिळालें. ओझीं वाहणाऱ्यांपैकीं एकाचेंहि नांव मला कोठें आढळलें नाहीं. त्यांचीं गांवें डोळ्यांसमोर होतीं तोंवर निदान वाटेवरून तर्क चालवितां येत होता. आतां तिचा एक मोठा तुकडा पाण्याखालीं आहे, आणि शिल्लक आहे तो एखाद्यानें पायांखालीं घालून नकाशावर उतरवून ठेवील तर बरें होईल.

तिसऱ्या दिवशीं तेंच करून पाहावें म्हणून सडक टाळून पायवाटेनें गजवडी, अंबवडें या बाजूनें निघालों. उजेड असूनहि दोनदां चुकलों. गडाच्या पायथ्यापासून बोगद्यावरच्या सोंडेपर्यंत येण्यास साडेतीन तास लागले. आमच्या डोक्यावर ओझें नव्हतें.