गड्डा आणि भाकरी

आम्ही सोलापूरकर वर्ष मोजतो ते गड्ड्याच्या आधी आणि गड्ड्यानंतर. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची ही यात्रा संक्रांतीला भरते. सात नंदीध्वज ६८ लिंगांना तैलाभिषेक करायला निघतात आणि होम मैदानावर पाळणे फिरू लागतात.

अब्बा मागावर कामाला होते. घरात रोज ज्वारीची भाकरी आणि तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगा चटणी. पातळ थापून वाळवलेली कडक भाकरी कितीतरी दिवस टिकायची, म्हणून पाळीवर जाणाऱ्याच्या फडक्यात तीच असायची. गोडीशेव मात्र वर्षातून एकदा, गड्ड्यात, कागदाच्या पुडीत मिळायची.

१९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो आला. त्याची भाकरी थापताना चिरायची, असं अम्मी सांगायची. पुढच्या जानेवारीत भोगीला शेजारच्या काकूंनी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आमच्याकडे पाठवली. त्यांच्या डब्यात पीठ किती उरलं होतं, ते अम्मीला ठाऊक होतं. गड्ड्याचा विषय निघाला की ती पाळण्यांचं सांगायची नाही, त्या भाकरीचं सांगायची.

आता कडक भाकरी आणि शेंगा चटणी पाकिटांतून पुण्या-मुंबईला जाते. पाहुणे कौतुकानं नेतात. गरिबाच्या फडक्यातल्या घासाला मान मिळाला, याचं बरंच वाटतं. मी मात्र गड्ड्यातून परतताना गोडीशेवेच्या दोन पुड्या घेतो. एक घरी, एक शेजारी.