स्वातंत्र्याची पूर्वतयारी : नेरळ परिसर, गोमंतक आणि काँगो

वसाहतींना स्वातंत्र्य देण्यापूर्वी राज्यकर्त्यांनी तेथील समाजांची कितपत तयारी करून घेतली होती, हा प्रश्न साम्राज्यांच्या इतिहासात वारंवार विचारला जातो. उत्तर देताना सामान्यतः कायदेमंडळे, शाळा, पदवीधर व देशी अधिकारी यांची मोजदाद करण्यात येते. ही मोजदाद आवश्यकच आहे. परंतु तत्पूर्वी प्रश्नाच्या भाषेकडे लक्ष दिले पाहिजे. मराठीत ‘तयार करणे’ हे क्रियापद सकर्मक, तर ‘तयार होणे’ हे अकर्मक आहे. पहिल्याचा स्वीकार केला की राज्यकर्ता कर्ता व समाज कर्म ठरतो. दुसऱ्यात समाज स्वतःच कर्ता असतो. २० ऑगस्ट १९१७ च्या माँटेग्यू यांच्या घोषणेत स्वराज्यसंस्थांच्या क्रमशः विकासाचे अभिवचन होते. मात्र प्रत्येक टप्प्याची वेळ व मर्यादा ठरविण्याचा अधिकार राज्यकर्त्यांकडेच राखलेला होता. ती घोषणा सर्वस्वी पहिल्या क्रियापदाची आहे. प्रस्तुत टिपणात दुसऱ्या क्रियापदाच्या अंगाने तीन समाजांची तुलना करावयाची आहे.

प्रथम नेरळ परिसर घेऊ. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानकडे युरोपियनांचे लक्ष वेधले आणि १९०७ मध्ये नेरळहून डोंगरावर जाणारी छोटी रेल्वे सुरू झाली. थंड हवेच्या या ठिकाणी नगरपालिकाही आली. तिच्यामागे लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाची परंपरा होती. स्थानिक स्वराज्यसंस्थांमुळे कारभार लगेच सुधारेल अशी रिपन यांची अपेक्षा नव्हती. या संस्थांचे मुख्य प्रयोजन लोकांचे राजकीय शिक्षण हे आहे, असे त्यांनी प्रतिपादले होते. म्हणजे राज्यकर्त्यांनी दिलेल्या शिक्षणाची एक पायरी या डोंगरावर प्रत्यक्ष उपलब्ध होती.

त्या पायरीचा उपयोग माथेरानमध्येच जन्मलेल्या एका तरुणाने केला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल (१९१२–१९४३), हे नाभिक समाजातील सामान्य कुटुंबातले. कायद्याचे शिक्षण घेऊन ते नगरपालिकेत निवडून आले व उपाध्यक्षही झाले. परंतु त्यांचे अधिक महत्त्वाचे कार्य डोंगराखालच्या गावांत झाले. सावकाराच्या कर्जात अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या उघडल्या आणि सरकारी शाळा पोहोचली नव्हती अशा वाड्यावस्त्यांतून स्वयंसेवी शाळा चालविल्या. धान्यकोठीचे मर्म सोपे आहे : अडचणीच्या दिवसांत धान्य उसने द्यावयाचे आणि सुगीत ते परत घ्यावयाचे. मात्र त्यासाठी हिशेब ठेवावा लागतो, शब्द पाळावा लागतो आणि कोणाची गरज अधिक हे चारचौघांत ठरवावे लागते. स्वराज्याचा कारभार याहून निराळ्या घटकांचा बनलेला नसतो. शिवाय हा कारभार लोकांच्या नित्याच्या मराठीत चालत असल्यामुळे त्यात भाग घेण्यास इंग्रजीची अट नव्हती. १९४२ मध्ये कोतवालांच्या ‘आझाद दस्त्या’ने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते व हिराजी पाटील हुतात्मा झाले. हा दस्ता एकाएकी उभा राहिला नाही. धान्यकोठ्यांनी व शाळांनी जोडलेल्या परस्परविश्वासाचा त्याला आधार होता.

गोमंतकात पहिली पायरी जवळजवळ नव्हतीच. १९३० च्या वसाहतविषयक कायद्यानंतर सालाझार यांच्या राजवटीत विरोधी पक्ष, मुक्त वृत्तपत्रे व जाहीर सभा यांना वाव उरला नाही. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सभा घेण्याचा प्रयत्न केला, हीच सविनय कायदेभंगाची कृती ठरली. मुंबई इलाख्यात मात्र मर्यादित मताधिकारावर का होईना, १९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले होते. या मोजपट्टीने १९ डिसेंबर १९६१ चा गोमंतक सर्वथा अप्रशिक्षित ठरतो. तरीही अवघ्या दोन वर्षांत, डिसेंबर १९६३ मध्ये, तेथे निवडणूक झाली आणि दयानंद बांदोडकर यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात तर महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे की नाही, हा अत्यंत भावनिक प्रश्न मतपेटीतून सुटला. ३४,०२१ मतांच्या अंतराने विलीनीकरण फेटाळले गेले आणि तो निर्णय मान्य करण्यात आला.

ही क्षमता कोठून आली? उत्तर दुसऱ्या क्रियापदात सापडते. गावाची सामाईक जमीन सांभाळणारी गावकारी पोर्तुगीजांच्या आधीपासून होती. १५२६ च्या सनदेने तिच्या रूढींची नोंद केली, तिची निर्मिती केली नाही. १९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकानंतर मिळालेल्या मोकळिकीत लोकांनी मराठी शाळा व वाचनालये काढली. फोंड्याच्या दादा वैद्य यांच्यासारख्यांचे कार्य या संदर्भात स्मरणीय आहे. शासनाची भाषा पोर्तुगीज राहिली, पण सार्वजनिक व्यवहाराची भाषा समाजाने शासनाबाहेर जोपासली.

काँगोचे उदाहरण अधिक दुःखद आहे. बेल्जियन राजवटीत प्राथमिक शिक्षणाचा प्रसार बराच झाला होता. परंतु ३० जून १९६० रोजी स्वातंत्र्य मिळाले तेव्हा विद्यापीठाचे पदवीधर तिसांहूनही कमी होते आणि सैन्यात एकही काँगोली अधिकारी नव्हता. पाचच दिवसांनी सैन्यात बंड झाले. येथे केवळ पदवीधरांचा अभाव पाहणे अपुरे होईल. पहिल्या नगरनिवडणुका १९५७ मध्ये, त्याही तीनच शहरांत झाल्या. लिंगाला, किकाँगो, स्वाहिली व चिलुबा या भाषा प्राथमिक शाळेत होत्या. वरिष्ठ शिक्षण व वरिष्ठ कारभार मात्र फ्रेंचमध्ये चालत असे. राज्यकर्त्यांनी तयारी करून घेतली नाही. समाजाने स्वतः तयार होण्याच्या वाटाही दीर्घकाळ अडविल्या. १९५५ मध्ये प्राध्यापक व्हान बिल्सेन यांनी तीस वर्षांची मुक्तियोजना मांडली, तेव्हा बेल्जियमच्या अधिकृत वर्तुळात ती अतिशय घाईची वाटली. इतिहासाने पाच वर्षेही दिली नाहीत.

या तुलनेवरून नेरळ परिसराची तयारी पूर्ण होती, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. मालमत्ता, कर व शिक्षण यांवर आधारलेल्या मताधिकारात डोंगरातील बहुतेक ठाकूर व कातकरी बसत नव्हते. क्रमाक्रमाने दिलेले राजकीय शिक्षण त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही. १९५१–५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रौढ मताधिकारामुळे त्यांना इतरांच्या बरोबरीचे मत मिळाले, ते कोणत्याही पूर्वपरीक्षेवाचून. तयारीची अट आधी घातली असती, तर त्यांचा क्रम कधी लागला असता हे सांगणे कठीण आहे.

म्हणून पूर्वतयारीचा अभ्यास करताना राज्यकर्त्यांनी काय दिले, या प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारले पाहिजेत : लोकांना एकत्र येऊन आपला कारभार स्वतः चालविण्याची संधी कोठे मिळाली, आणि तो कारभार कोणत्या भाषेत चालला? कायदेमंडळांचे वृत्तांत या प्रश्नांची पुरी उत्तरे देत नाहीत. ती गावकारीच्या दप्तरांत, वाचनालयांच्या इतिवृत्तांत आणि धान्यकोठीच्या वह्यांत शोधावी लागतील. अशी कागदपत्रे नष्ट होण्यापूर्वी ती गोळा करणे, हे इतिहासाच्या व भाषेच्या अभ्यासकांचे समाईक कर्तव्य आहे.